रात्रीचे होकायंत्र : सप्तर्षी

जयनगरात उत्तर दिशा शोधायला ताऱ्यांची गरज पडत नाही. आमच्या घराजवळून मेट्रोचा हिरवा मार्ग खांबांवरून जातो. लालबाग, साउथ एंड सर्कल, जयनगर आणि राष्ट्रीय विद्यालय रोड ही चार स्थानके जवळजवळ एका उत्तर-दक्षिण रेषेत आहेत. जयनगर स्थानकावर उभे राहून लालबागेच्या बाजूला तोंड केले की उत्तर समोर आलीच. पण कॅडेट मित्रहो, तुमच्या नाइट मार्चला मेट्रो नसते. दिवसा ओळखीचे वाटणारे झाड, टेकडी, मंदिराचा कळस हे सगळे रात्री एकसारखे काळे दिसते. अशा वेळी माणसाला विचारावे असे सातजण आकाशात आहेत. त्यांची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

माझी नोकरी तोफखान्यात, सर्व्हे शाखेत झाली. तोफेला दिशा देणे हे आमचे काम. निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळूरला आलो आणि इथेच राहिलो. माझा नातू बेळगावला आपल्या शाळेत आठवीत आहे. सुट्टीत तो आला की आम्ही दोघे गच्चीवर जातो, आणि तो जे प्रश्न विचारतो तेच बहुतेक तुमचेही असतील.

त्याचा पहिला प्रश्न होता, "आजोबा, फोनमध्ये नकाशा असताना तारे कशाला शिकायचे?" प्रश्न रास्त आहे. फोनची बॅटरी संपते आणि युद्धात उपग्रहांचे संदेश मुद्दाम अडवलेही जातात. होकायंत्र चांगले, पण जवळ रायफल, गाडी किंवा विजेची तार असेल तर त्याची सुई फसते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण बंद केले होते. ते २०१५ मध्ये तिने पुन्हा सुरू केले. यंत्रे वाढली म्हणून तारे जुने झाले नाहीत, एवढे यावरून लक्षात घ्यावे.

दिशा थोडी चुकली तर काय होते, याचा हिशेब करून पाहा. एक किलोमीटर चालताना दिशा ५ अंशांनी चुकली तर तुम्ही ठरलेल्या जागेपासून सुमारे ८७ मीटर बाजूला पोहोचता. रात्री ८७ मीटरवरचा ओढ्याचा उतार किंवा आपलीच दुसरी तुकडी दिसत नाही. तोफेच्या बाबतीत तर १० किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ १७५ मीटर. गोळा शत्रूवर पडायचा तो आपल्या माणसांजवळ पडू शकतो. म्हणून सैन्यात "उत्तर कुठे?" हा प्रश्न परीक्षेपुरता नसतो.

सातजणांची ओळख

सप्तर्षींची आकृती पतंगासारखी आहे. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. आमच्या गावाकडे याला बाज म्हणत. चार तारे हे बाजेचे पाय, आणि मागचे तीन तारे हे ती पळवणारे चोर. इंग्रज मुलांना हेच तारे नांगर दिसले, तर अमेरिकेतल्या मुलांना लांब दांड्याची पळी.

आपल्याकडे या ताऱ्यांना चौकोनाकडून शेपटीकडे क्रमाने अशी नावे आहेत : क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची. यांपैकी पहिले चार चौकोनात आणि शेवटचे तीन शेपटीत. घरी पूजेत म्हटली जाणारी सात ऋषींची यादी वेगळी असते. तिच्यात कश्यप, विश्वामित्र, जमदग्नी, गौतम, भरद्वाज येतात. प्रत्येक मन्वंतराचे सप्तर्षी वेगळे, अशी पुराणांतली समजूत आहे. आकाशातल्या ताऱ्यांसाठी वरचीच यादी पाठ करा.

या सातांत अंगिरस सर्वांत तेजस्वी, आणि क्रतू त्याच्या अगदी जवळपास. क्रतूचा रंग नीट पाहिला तर किंचित नारिंगी दिसतो, बाकीचे पांढरे. अत्री सर्वांत मंद. जयनगरच्या दिव्यांच्या उजेडात तो माझ्या गच्चीवरून दिसतोच असे नाही. चौकोनाचा एक कोपरा तुटल्यासारखा वाटतो. तुम्हाला शहरातून सहाच तारे दिसले तर घाबरू नका, सातवा तिथेच आहे.

शेजारी दिसणारे हे तारे खरोखर शेजारी आहेत का? सातांपैकी मधले पाच, म्हणजे पुलह ते वसिष्ठ, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत आणि आकाशात एकाच दिशेने एकत्र सरकत आहेत. ते खरेच एका कुटुंबातले आहेत. मरीची सुमारे १०० आणि क्रतू सुमारे १२० प्रकाशवर्षांवर आहे, आणि ते दोघे वेगळ्या वाटेने चालले आहेत. काही हजार पिढ्यांनंतर पतंगाचा आकार मोडेल. जयनगरची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. मधल्या पाच ताऱ्यांचा आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश साधारण त्याच सुमारास तिकडून निघालेला आहे.

अस्वल आणि ऋषी

ग्रीक लोकांनी या भागात मोठी अस्वल पाहिली. कॅलिस्टो नावाची वनकन्या झ्यूस देवाला आवडली. त्याची पत्नी हेरा चिडली. कॅलिस्टोची अस्वल झाली. पुढे तिचाच मुलगा शिकारी होऊन तिच्यावर भाला उगारणार, तोच झ्यूसने दोघांना आकाशात नेऊन ठेवले. तरीही हेराचा राग गेला नाही. तिने समुद्राला सांगितले की या अस्वलीला तुझ्या पाण्यात कधी अंघोळ करू देऊ नकोस. कथेतला हा भाग म्हणजे खरे तर निरीक्षण आहे. त्या काळच्या ग्रीसमधून पाहिले तर हे सात तारे कधीच क्षितिजाखाली जात नसत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडेल.

नवल असे की अस्वल आपल्याकडेही आहे. ऋग्वेदात या ताऱ्यांना 'ऋक्ष' म्हटले आहे. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ताराही. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. पुढे ऋक्षांचे ऋषी झाले आणि त्यांना पत्नी व आश्रम मिळाले.

महाभारतातली कथा अशी. अग्नीचे मन ऋषिपत्नींवर गेले. अग्नीवर प्रेम करणाऱ्या स्वाहेने एकेका ऋषिपत्नीचे रूप घेतले. सहा रूपे तिला साधली, पण वसिष्ठांची पत्नी अरुंधती हिचे रूप तिला घेता आले नाही. संशयामुळे सहा ऋषींनी आपल्या पत्नींना दूर केले. त्या सहाजणी म्हणजे कृत्तिका, आकाशात सप्तर्षींपासून दूर दिसणारा ताऱ्यांचा लहानसा पुंजका. अरुंधती मात्र वसिष्ठांजवळच राहिली.

लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात ती याच कारणाने. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक मंद तारा दिसतो, ती अरुंधती. दोघांतले अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. जुने अरब लोक हाच तारा दाखवून नजर पारखत. बेळगावच्या बाहेर, दिव्यांपासून दूर गेलात तर तुम्हीही आपली नजर पारखून पाहा.

दुर्बिणीतून पाहिले की गोष्ट आणखी वाढते. एकटा वाटणारा वसिष्ठ दोन ताऱ्यांत फुटतो. १८८९ मध्ये त्यांतल्या एकाच्या प्रकाशाचे पृथक्करण करताना कळले की तोही जोडतारा आहे. या पद्धतीने सापडलेला तो पहिला जोडतारा. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती असल्याचे दिसले. म्हणजे साध्या डोळ्यांना दोन दिसणारे तारे प्रत्यक्षात सहा आहेत.

अरुंधती दाखवण्याच्या रीतीवरून संस्कृतात 'अरुंधतीदर्शनन्याय' हा शब्द आला. बारीक तारा एकदम दाखवता येत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, आणि नजर तिथे स्थिरावली की मंद ताऱ्याकडे न्यायची. शिकवण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. ध्रुव शोधायचा तोही असाच.

सप्तर्षींवरून ध्रुव

रिक्रूटांना मी विचारत असे, "ध्रुव दाखवा." बहुतेक बोटे आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याकडे जात. कोणी व्याध दाखवी, कोणी शुक्र. ध्रुव तसा नाही. तेजात तो आकाशातल्या पहिल्या चाळीस ताऱ्यांतही बसत नाही. त्याची थोरवी तेजात नसून जागेत आहे. पृथ्वीचा आस उत्तरेकडे वाढवला तर तो जिथे टेकेल, त्याच्या अगदी जवळ ध्रुव आहे. त्यामुळे सगळे आकाश फिरते आणि तो जागेवर राहतो.

बाळ ध्रुवाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांच्या मांडीवरून सावत्र आईने त्याला उठवले. त्याने तप केले आणि जिथून कोणी उठवणार नाही अशी जागा मागितली. ती मिळाली, आणि सप्तर्षी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. रात्रभर पाहिलेत तर ही प्रदक्षिणा खरीच दिसते. उत्तरेकडे तोंड केल्यावर ती घड्याळाच्या उलट दिशेने, तासाला १५ अंश अशी चालते. दोन तासांच्या पहाऱ्यात सप्तर्षी ३० अंश सरकतात. पहारेकऱ्याला ते घड्याळही आहे.

आता कृती. चौकोनाच्या शेपटीविरुद्ध बाजूला पुलह आणि क्रतू आहेत. पुलहाकडून क्रतूकडे रेषा काढा आणि तशीच पुढे न्या. दोघांमधल्या अंतराच्या सुमारे पाचपट गेल्यावर एक मध्यम तेजाचा, एकटा तारा भेटेल. आसपास त्याच्या तोडीचा दुसरा नाही. तोच ध्रुव. त्याच्यापासून सरळ खाली क्षितिजावर नजर आणा. तिथे उत्तर. तिथले झाड किंवा खडक हेरून ठेवा आणि चालायला लागा. चालताना आकाशाकडे नाही, त्या खुणेकडे पाहायचे. खूण गाठली की पुन्हा वर पाहून पुढची खूण घ्यायची.

मूठभर अंश

आता ग्रीसच्या अस्वलीकडे परत येऊ. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसेल? नियम सोपा आहे. तुम्ही ज्या अक्षांशावर उभे, तितके अंश. बंगळूर १३ अक्षांशावर आहे, म्हणून जयनगरात ध्रुव जेमतेम १३ अंशांवर असतो. माझ्या गच्चीवरून तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीशेजारी दिसतो. रस्त्यावरून तर दिसतच नाही.

अंश मोजायला यंत्र नको. हात सरळ ताणून मूठ वळा. मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. मधली तीन बोटे जोडून धरली तर ५ अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब तोच येतो. जयनगरात ध्रुव क्षितिजापासून एक मूठ आणि वर दोन बोटे. बेळगावला सुमारे १६ अंश, म्हणजे दीड मुठीहून थोडा जास्त. एका अंशाला उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १११ किलोमीटर पडते. नातू आणि मी यांच्यात ध्रुवाचा जो तीन अंशांचा फरक आहे, तो म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर.

तुम्ही पुढे कुठे जाल त्याप्रमाणे ध्रुव बदलत जाईल. एझिमळाच्या नौदल अकादमीत तो १२ अंशांवर, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत १८ वर, डेहराडूनच्या अकादमीत पूर्ण तीन मुठी, ३० वर. लेहला ३४. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. मुंबईहून दक्षिणेला जाताना ध्रुव रोज खाली उतरतो आणि विषुववृत्तापलीकडे तो दिसेनासा होतो.

ध्रुव इतका खाली असल्याने आपल्याकडे अस्वल अंघोळ करते. ध्रुवापासून क्रतू २८ अंश दूर आणि मरीची ४१ अंश. बंगळूर-बेळगावच्या आकाशात त्यांची प्रदक्षिणा क्षितिजाला कापते आणि सातही तारे मावळतात. पुस्तकांत लिहिलेले असते की सप्तर्षी बाराही महिने दिसतात. ती पुस्तके उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली असतात. आपल्याकडे रात्री ९ च्या सुमारास ते मार्च ते जुलै या काळात दिसतात. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात ते उत्तरेला सर्वांत उंच असतात. तेव्हा चौकोन उपडा आणि शेपटी उजवीकडे असते.

मग नोव्हेंबरच्या कॅम्पमध्ये काय करायचे? तेव्हा ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूचे शर्मिष्ठा नक्षत्र कामाला येते. वृषपर्वा राजाची ही कन्या, देवयानीची मैत्रीण आणि पुढे ययातीची पत्नी. मराठीत तिच्या शेजारच्या तारकासमूहांनाही देवयानी, ययाती, वृषपर्वा अशीच नावे दिलेली आहेत. पाच ताऱ्यांची ही आकृती उत्तरेला उंच असताना इंग्रजी एम अक्षरासारखी दिसते. तिच्या मधल्या ताऱ्यावरून खाली, सुमारे तीन मुठी उतरले की ध्रुव. सप्टेंबर ते जानेवारी शर्मिष्ठा, मार्च ते जुलै सप्तर्षी. फेब्रुवारीत रात्री दोन्ही बाजूंना दोघे थोडे थोडे दिसतात. ही वाटणी डायरीत लिहून ठेवा.

खाली असण्याचा एक फायदाही आहे. मे महिन्यात रात्री साडेनऊला जयनगरात उत्तरेला सप्तर्षी आणि त्याच वेळी दक्षिणेला, क्षितिजापासून दीड-दोन मुठींवर, त्रिशंकू दिसतो. वसिष्ठांनी नाकारलेल्या त्रिशंकूला विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात पाठवले, देवांनी त्याला ढकलले, तेव्हा विश्वामित्रांनी रागाने दक्षिणेत दुसरे सप्तर्षी निर्माण केले, असे रामायणात आहे. दिल्लीच्या मुलांना हा त्रिशंकू नीट दिसत नाही. आपल्याला एका रात्रीत दोन्ही बाजू दिसतात.

ध्रुव अढळ आहे का?

शेवटची गोष्ट तोफखान्याची. ध्रुव खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून अजून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, आणि तोही लहानसे वर्तुळ काढतो. चालणाऱ्या माणसाला याने फरक पडत नाही. पण १० किलोमीटरच्या माऱ्यात तेवढ्याने शंभर मीटरांहून जास्त चूक होऊ शकते. म्हणून आम्ही थिओडोलाइटने ध्रुव पाहायचो, अचूक वेळ टिपायचो आणि कोष्टकावरून दुरुस्ती करायचो. आता तोफांवर जायरोस्कोप आले आहेत, पण दुरुस्तीशिवाय कोणत्याही मोजमापावर विसंबायचे नाही, ही शिस्त तीच आहे.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण करतो. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास ध्रुवाच्या जागी ठुबान नावाचा दुसराच तारा होता. बारा हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळ असेल. याच डुलण्याचा उपयोग एका मराठी शिक्षकाने केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे मूळचे मुरुडचे. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात त्यांनी वाचले. आज कृत्तिका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. त्या ठीक पूर्वेला कधी उगवत असतील याचे गणित करून त्यांनी ते वाक्य सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे ठरवले. १८९६ च्या त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात हे विवेचन आहे. कोणा जुन्या माणसाने दिशा नीट पाहून लिहून ठेवली, म्हणून हजारो वर्षांनी दुसऱ्याला काळ मोजता आला.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. घरच्या गच्चीवरून ध्रुव शोधा, मुठीने उंची मोजा, आणि गावाचे नाव, तारीख, वेळ व अंश वहीत लिहा. पालकांनी सोबत जावे, त्यांचीही मूठ चालते. सुट्टी संपल्यावर वर्गात सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडा. आपली मुले कुठून कुठून आली आहेत त्याचा उत्तर-दक्षिण नकाशा तुम्हाला ध्रुवावरून काढता येईल. तो नकाशा मग ॲटलासशी ताडून पाहा. ज्याचा आकडा दोन अंशांच्या आत जुळेल, त्याला रात्रीच्या मार्चमध्ये पुढे चालायला हरकत नाही.